समासात मोजलेली हवा

९ फेब्रुवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. ही वेळ माझ्या वहीत आहे, कारण कोणत्याही प्रक्रियेची वेळ नोंदवून ठेवण्याची मला सवय आहे. त्या मिनिटाला इंदूरच्या मल्हारगंजातल्या एका बाइंडरच्या दुकानात कटिंग मशीनचे पाते खाली आले आणि शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका पुस्तकाची बाहेरची कड अठरा मिलिमीटरने कमी झाली. मी तेव्हा दुकानाच्या पायरीवर उभी राहून माझ्या व्याख्यानाच्या आयोजकांशी फोनवर बोलत होते. मागे वळून पाहिलेही नाही.

ते पुस्तक रूढ अर्थाने पुस्तक नव्हते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मराठी मासिकांतून वैज्ञानिक अद्भुतकथा क्रमशः येऊ लागल्या, तेव्हा हौशी वाचक आपल्या आवडत्या कथेचे हप्ते मासिकातून सोडवून घेत, पेटीत साठवत आणि कथा संपली की बाइंडरकडून एकत्र शिवून घेत. मासिकातली बाकीची पाने, म्हणजे संपादकीय, पाकक्रिया, केशतेलाच्या जाहिराती, मागे राहत. अशा घरगुती खंडाला मुखपृष्ठ नसते. पुष्कळदा लेखकाचे नावही नसते, कारण ही मंडळी ‘एक विज्ञानप्रेमी’ किंवा नुसती दोन आद्याक्षरे एवढीच सही करीत. ती होती शाळामास्तर, वकील, ओव्हरसियर. कुठल्या तरी इंग्रजी मासिकातली कल्पना उचलून ती साताऱ्याच्या डोंगरावर आणून ठेवत आणि नायकाच्या तोंडून दोन-दोन पाने हवेचा दाब समजावून सांगत. ग्रंथालयांत या कथा सलग सापडत नाहीत. त्या सापडतात अशा घरांतून.

मी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. केले आहे आणि नोकरीत प्रतिमांवर प्रक्रिया करते. चित्रातला नको तो भाग ओळखायचा, काढून टाकायचा आणि हवा तो ठेवायचा, असे त्या कामाचे स्वरूप आहे. या विस्मृत कथालेखकांवर एक पुस्तक लिहायचे आणि ते तिशीच्या आत लिहायचे, असे मी ठरवले होते. पद्धतही ठरली होती. प्रत्येक कथेसाठी तीन रकान्यांचा एक तक्ता: लेखकाचे विधान, माझे गणित, चुकीचे प्रमाण. त्या तक्त्यांवर पंचवीस फेब्रुवारीला व्याख्यान होते. शहरातले मराठी श्रोते येणार होते, एक प्रकाशकही येणार होते.

हा खंड ज्यांच्याकडे होता त्यांना मी सर म्हणते, जरी त्यांनी मला कधी शिकवले नाही. वय एकोणनव्वद. चाळीस वर्षे शाळेत गणित आणि विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, मल्हारगंजातच एका दोरखंडाच्या दुकानावरच्या मजल्यावर सुनेबरोबर राहणारे. डोळ्यांच्या मध्यभागी आता त्यांना काही दिसत नाही. कडेकडेचे पुसट दिसते. त्यामुळे बोलताना ते तुमच्याकडे न पाहता तुमच्या खांद्यापलीकडे पाहतात, आणि आपण काहीतरी लपवतो आहोत असे उगाच वाटू लागते.

जानेवारीत मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी खंड मांडीवर घेतला होता.

“यातून काय काढणार आहेस?”

“त्यांनी काय बरोबर सांगितलं आणि काय चुकलं, ते.”

“म्हणजे पेपर तपासणार. मी जिंदगीभर तेच केलं, बेटा. त्यात मजा नाही. पोरं चुकणार हे आपल्याला आधीच माहीत असतं.”

“बाबा, तिला पोहे तरी खाऊ द्या,” सूनबाई आतून म्हणाल्या, “मग भाषण द्या.”

“भाषण कुठे देतोय? व्हायवा घेतोय.”

पोहे खाताना मी पाने उलटली. कथा कळायला दोन मिनिटे पुरली. पुण्याचे एक रसायनशास्त्रज्ञ, त्यांचे दोन मित्र आणि एक आचारी असे चौघे लोखंडी गोलात बसून चंद्राच्या पलीकडच्या बाजूला जाऊन येतात. गोल पूर्ण बंद, आत नळकांड्यांत दाबून भरलेली हवा. एका हप्त्यात आचारी त्या बंद गोलात कोळशाची शेगडी पेटवून पुरणपोळ्या करतो. मला मनातल्या मनात आनंद झाला. तक्त्याचा तिसरा रकाना भरणार होता.

समासात पेन्सिलीने बारीक काहीतरी लिहिलेले होते. अक्षर मोडी. मोडी मला येत नव्हती, आकडे तेवढे ओळखू येत होते. जुन्या पुस्तकांच्या समासात धोब्याला दिलेल्या कपड्यांच्या यादीपासून बाळाच्या औषधाच्या वेळांपर्यंत काहीही लिहिलेले मी पाहिले होते. कपडे असावेत, असे मी धरून चालले. वैज्ञानिक शिक्षण घेतलेल्या व्यक्तीने ‘असावेत’ या शब्दापाशी थांबायला हवे. मी थांबले नाही.

“घेऊन जा,” सर म्हणाले. “पण आधी गोष्ट वाच. पूर्ण. शेवटापर्यंत पोचलीस की मला तुला एक विचारायचंय.”

“आत्ताच विचारा ना, सर.”

“आत्ता नाही. मग ते मागचं उत्तर बघून गणित सोडवल्यासारखं होईल.”

“बरं. स्कॅन करायला शिवण सोडवावी लागेल. परत शिवून देईन.”

“सोडव. दोऱ्याचं काय, दोरा बदलता येतो.”

एवढीच परवानगी त्यांनी दिली होती. शिवण सोडवण्याची. आणि मी कबूल केले होते की आधी वाचीन. दोन्ही गोष्टी पूर्ण शुद्धीत ठरल्या होत्या आणि मी दोन्ही मोडल्या. वाचण्याचा शब्द मोडला तो केवळ वेळापत्रकामुळे. स्कॅन झाल्यावर मजकूर संगणकावर शोधता येतो, म्हणून आधी स्कॅन आणि मग वाचन असा क्रम मी लावला. तो मला इतका स्वाभाविक वाटला की आपण शब्द मोडतो आहोत हे ध्यानातही आले नाही.

बाइंडरचे दुकान सरांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे. त्याचे कुटुंब तीन पिढ्या हेच काम करते. त्याने खंड हातात घेऊन वासच घेतला आधी.

“मॅडमजी, कागद पापड झालाय. दोरा ओढला की पान हातात येईल. आरामात सोडवायला लागेल. दोन दिवस द्या.”

“दोन दिवस नाहीत माझ्याकडे.”

“मग पाठ उडवून देऊ? एक हात मारला की पानं सुटी.” त्याने बाहेरच्या कडेवरून बोट फिरवले, पिवळा चुरा गळाला. “ही कड पण बघा किती झडलीय. तुमच्या मशीनमध्ये फसेल.”

“मजकुराला धक्का लागेल?”

“समास चिक्कार आहे. मजकूर सलामत.”

“मग तीही घ्या.”

तो थांबला. त्याने एक पान उजेडाकडे धरले.

“इथं पेन्सिलनं काही लिहिलंय. चालेल?”

“चालेल. ते काही नाही.”

‘ते काही नाही’ हे तीन शब्द मी पुष्कळदा मनात उलटसुलट करून पाहिले आहेत. त्यांना काही पर्यायी अर्थ लागत नाही. तेवढ्यात फोन वाजला आणि मी पायरीवर गेले.

पुढचे सगळे उत्तम झाले. सुटी पाने यंत्रातून एकदाही न अडकता गेली. संगणकाची अक्षरओळख चांगली झाली. पाने पुन्हा जोडून त्यावर बाइंडरने मरून रंगाचे कापडी पुठ्ठे चढवले. मजकूर मी टॅब्लेटमध्ये घातला आणि तो मोठ्याने वाचणारा आवाजही बसवला, म्हणजे सरांना स्वतः ऐकता येईल. पंधरा फेब्रुवारीला दुपारी चार वाजता मी दोन्ही घेऊन गेले. भेटवस्तू नेत असल्यासारखी गेले, हे कबूल करायला हवे.

आधी त्यांनी टॅब्लेट ऐकला. चौघे गोलात बसतात, झाकण फिरवून बंद होते, तिथवर.

“ही बाई स्टेशनवर नोकरीला होती काय?” ते म्हणाले. “सूनबाई, ऐक. आता गाडी एक नंबरवर येणार.”

सूनबाई हसल्या. मीही हसले. मग त्यांनी हात पुढे केला आणि मी खंड त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी पुठ्ठा चाचपला, पाठ चाचपली. मग उजव्या हाताचा अंगठा बाहेरच्या कडेवरून वरपासून खालपर्यंत नेला. पुन्हा वर नेला.

“लहान झालं.”

“कडा झडत होत्या, सर. सारख्या करून घेतल्या.”

“किती?”

“अठरा मिलिमीटर.”

 त्यांनी खंड बाजूला ठेवला आणि विचारले, “गोष्ट वाचलीस?”

“अजून पूर्ण नाही.”

“हां,” ते म्हणाले, आणि मग त्यांना मला जे विचारायचे होते ते त्यांनी विचारले नाही, सांगितले.

त्यांचे वडील महूच्या रेल्वे स्टेशनात तारबाबू होते. विशीत असताना त्यांनी ही कथा महिन्या-महिन्याने वाचली. पहिल्याच हप्त्यात लेखकाने सांगितले होते की चौघांना नव्वद दिवस पुरेल इतकी हवा गोलात आहे. त्यानंतर लेखकाने हवेचा विषय काढलाच नाही. तारबाबूंना चैन पडेना. प्रत्येक हप्त्यात किती दिवस गेले, शेगडी कधी पेटली, कोण आजारी पडून धापा टाकत होते, हे सगळे धरून ते समासात उरलेली हवा मोजू लागले. कथा चौदा हप्ते चालली. मोजणीही चौदा हप्ते चालली.

“मी आठ-नऊ वर्षांचा असताना त्यांच्या मांडीवर हे पुस्तक पाहिलं,” सर म्हणाले. “विचारलं, हे काय लिहिलंय? म्हणाले, ही माणसं हवेवर जगतायत आणि लेखक विसरून बसलाय. कुणीतरी मोजायला नको? मी विचारलं, मग येतात का परत? म्हणाले, गोष्टीत येतात. पुण्याच्या स्टेशनवर बँड लागतो. मी म्हटलं, तसं नाही, तुमच्या मोजणीत? तर हसले. म्हणाले, मोडी शिक आणि स्वतः बघ.”

त्यानंतर दोन वर्षांत तारबाबू वारले. खंड थोरल्या मुलाकडे, महूलाच राहिला. दोघा भावांचे पुढे बिनसले आणि तीस वर्षे येणे-जाणे बंद होते. इंदूर ते महू हे अंतर लोक रोज नोकरीसाठी कापतात. सरांनी निवृत्तीनंतर मोडी शिकून घेतली, पण भावाकडे पुस्तक मागायला ते गेले नाहीत. तीन वर्षांपूर्वी भाऊ गेल्यावर पुतण्याने ते आणून दिले, तेव्हा मोडी येत होती आणि डोळे गेले होते. सूनबाईंना मोडी येत नव्हती.

“मग आधीच का नाही सांगितलंत?” मी विचारले. माझा आवाज चढला होता, आणि त्यात तक्रार होती हे मला आज जास्त लागते.

“माझी मास्तरकीची खोड,” ते म्हणाले. “वाटलं, तू विज्ञानाची. गोष्ट वाचशील, तुलाही हवेचा प्रश्न पडेल. मग समासात बघशील. कोणीतरी आपल्याआधी हे गणित मांडलंय, हे तुझं तुला सापडेल. ते सांगून टाकायचं नसतं. त्यातच तर सगळी मजा.”

सूनबाई चहा घेऊन आल्या. दोघांचीही तोंडे पाहून कप ठेवून परत गेल्या.

मी त्याच पावली बाइंडरकडे गेले. कापलेल्या कडांची कतरन पोत्यात भरून गेली होती, बेटम्याच्या रस्त्यावर पुठ्ठ्याचा कारखाना आहे तिकडे. “मी विचारलं होतं तुम्हाला,” तो हळूच म्हणाला. त्याने ते दोष काढायला म्हटले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या कारखान्यात पोहोचले. तिथल्या माणसाने मला एक हौद दाखवला. त्यात राखाडी लगदा फिरत होता. “कागदच होता ना? मग ह्यातच असणार, दीदी,” तो म्हणाला. मी कडेला किती वेळ उभी होते याची नोंद माझ्याकडे नाही.

पंचवीस तारखेचे व्याख्यान मी रद्द केले नाही. हे लिहिणे अवघड आहे. तक्ते तयार होते, प्रकाशक येणार होते. मी शेगडीचा प्रसंग सांगितला, बंद गोलात कोळसा पेटवणाऱ्या लेखकाच्या अज्ञानावर नेमक्या जागी थांबले, आणि श्रोते नेमक्या जागी हसले. समासांविषयी मी काहीही बोलले नाही. कारण ते सांगायचे तर ते आता का दाखवता येत नाहीत हेही सांगावे लागले असते. टाळ्या झाल्या. प्रकाशकांनी हस्तलिखित कधी मिळेल ते विचारले. घरी येताना रिक्षात माझ्या लक्षात आले की तारबाबू आणि मी एकाच वाक्यापाशी अडलो होतो, शेगडीच्या. मी तिथे एक चूक मोजली होती. त्यांनी तिथे चार माणसांची हवा मोजली होती, आणि ती कमी पडू नये असे त्यांना वाटत होते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मला फोटो आठवले. खंड घरी आणल्या दिवशी, खिडकीचा उजेड पुरेसा आहे का हे पाहण्यासाठी मी फोनने काही पानांचे फोटो काढले होते. चाचणीचे फोटो मी काम झाल्यावर पुसून टाकते. या वेळी राहून गेले होते. एकूण अकरा निघाले. त्यांतल्या सहांत समास दिसत होता. सहांपैकी एकात, नवव्या हप्त्याच्या, पान दाबून धरलेला माझाच अंगठा नोंदीवर बरोबर आडवा आला होता. नख स्पष्ट आले आहे.

उरले पाच. मी ते एखाद्या मोडी जाणकाराकडे पाठवू शकले असते. पाठवले नाहीत. सरांना विचारले, मला शिकवाल का?

“आता?”

“हो.”

“तू नोकरी करतेस. वेळ आहे?”

“आहे.”

“पूर्वी नव्हता,” ते म्हणाले. एवढाच एक टोमणा त्यांनी मला या सगळ्या काळात मारला.

दर रविवारी दुपारी मी जाऊ लागले. त्यांच्याकडे एक मोठी जुनी पाटी होती. तिच्यावर ते खडूने एकेक अक्षर वीतभर मोठे काढत. न पाहता काढत, तरी ते बिनचूक येई, फक्त ओळ पाटीबाहेर जाई. मी खाली गिरवत असे. चुकले की मला सांगावे लागे, कारण त्यांना दिसत नसे. शिक्षकाला आपली चूक आपण होऊन सांगायची, ही परीक्षेची पद्धत मला नवी होती.

“सर, ‘स’ चुकला.”

“काय झालं त्याला?”

“पोट मोठं आलं.”

“इंदूरचा आहे. यायचंच.”

असे सहा रविवार गेले. सूनबाई कधी दारात उभ्या राहून पाहत. एकदा म्हणाल्या, “मला शिकवायला कधी बसले नाहीत हो बाबा.” त्यावर सर म्हणाले, “तू कधी माझं पुस्तक कापलंस का?” सूनबाई खळखळून हसल्या. मला हसता आले नाही, पण बरे वाटले, आणि बरे वाटल्याची लाजही वाटली.

सातव्या रविवारी मी पाचही नोंदी वाचून घेऊन गेले. प्रत्येक फोटो मी सोळा पट मोठा केला होता, पेन्सिलीचा करडा रंग कागदाच्या पिवळ्यातून वेगळा केला होता. हेच माझे काम. जे मी नको म्हणून काढून टाकत आले, ते हवे म्हणून शोधायला तीच साधने उपयोगी पडली. त्याच आठवड्यात मी गोष्टही वाचून संपवली, अखेर.

“वाच,” सर म्हणाले. ते खुर्चीत ताठ बसले होते.

“पहिला हप्ता. ‘हवा दिवस नव्वद. माणसे चार. लेखकाचा आकडा खरा धरला.’”

“खरा धरला!” ते खूश झाले. “बघ. आधी त्याचं म्हणणं मान्य करायचं, मग मोजायचं. पुढे.”

“चौथा. ‘माणसे चार. शेगडी, वजा तीन. आचाऱ्यास कोणी सांगत कसे नाही. शिल्लक एकसष्ट.’”

सर हसले. हसता हसता त्यांचा श्वास लागला आणि सूनबाई पाण्याचा पेला घेऊन आल्या. “हे बाबांचंच वाक्य,” ते म्हणाले. “हा आवाज त्यांचाच आहे. पुढे.”

“सहावा. ‘धाकट्या मित्रास ताप. श्वास जलद, वजा अर्धा. माणसे चार. शिल्लक त्रेचाळीस.’ सातवा. ‘दोन महिने अंक आला नाही. तेवढी हवा मोजलेली नाही. माणसे चार. शिल्लक चौतीस.’”

त्यांनी पेला बाजूला ठेवला. मग म्हणाले, “अंक आला नाही तर त्यांना श्वास घ्यायला लावला नाही.”

“हो.”

“पुढचा कितवा?”

“अकरावा, सर. तो शेवटचा.”

अकराव्या हप्त्यात गोल चंद्राला वळसा घालून पृथ्वीकडे निघतो. ते पान मी घरी पुन्हा पुन्हा वाचले होते, छापील आणि समासातले, दोन्ही. मी त्यांना तो आकडा सांगितला. त्यांनी लगेच विचारले, “आणि लेखक परतीला किती दिवस म्हणतो?”

“बावीस.”

त्यांनी उत्तर द्यायला क्षणही घेतला नाही. “चौघांना पुरत नाही. एकाला पुरते.”

मी हे घरीच मांडून पाहिले होते आणि बोलायचे नाही असे ठरवून आले होते.

“बाराव्यात माणसे किती लिहिलीत, ते नाही?” त्यांनी विचारले.

“नाही. बारा, तेरा, चौदा, तिन्ही नाहीत.”

“मला तेच बघायचं होतं.” ते माझ्या खांद्यापलीकडे पाहत होते. “बाबा आचाऱ्याला मरू देणारे नव्हते. कोणालाच नाही. पण खोटा आकडा लिहिणारेही नव्हते, तारेत एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही त्यांनी. मग तिथे त्यांनी काय केलं असेल? एवढंच मला जन्मभर बघायचं होतं.”

मी वही पुढे ओढली. पाच नोंदींवरून मी तारबाबूंचा रोजचा दर काढला होता, त्यांची वजाबाकीची पद्धत काढली होती, आणि तीच पद्धत पुढच्या तीन हप्त्यांच्या मजकुराला लावून त्यांनी काय लिहिले असण्याचा संभव आहे हेही काढले होते. मी वहीचे ते पान उघडले. “सर, मी एक अंदाज बांधला आहे. त्यांच्याच पद्धतीने. सांगू?”

“नको.”

“चुकीची शक्यता फार नाही त्यात.”

“नसेल. तू हुशार आहेस,” ते अगदी मऊपणाने म्हणाले. “पण तो तुझा आकडा. त्यांचा नाही.”

मी ते पान फाडले. त्यांना फाडल्याचा आवाज आला असणार. थोड्या वेळाने त्यांनी विचारले की जे सापडले ते मी नीट लिहून ठेवले आहे का. फोनमध्ये आहे, मी म्हटले. फोनमध्ये नको, वहीत लिही, ते म्हणाले, देवनागरीत लिही, म्हणजे सूनबाईला वाचता येईल. आणि समास मोठा सोड.

मी टेबलाशी बसून पाचही नोंदी सुवाच्य लिहून काढल्या. पुस्तकाचा करार मी अजून केलेला नाही. तक्त्यांचा तिसरा रकाना मी काढून टाकला आहे, पण त्याने काही भरून येत नाही हे मला समजते. सर आता टॅब्लेटवर गोष्ट ऐकत नाहीत. रविवारी मी गेले की त्या पाच नोंदी वाचायला सांगतात, शेगडीपाशी हसतात, आणि अकराव्यापाशी आले की हात वर करतात, म्हणजे तिथे थांबायचे. मी थांबते. वहीतली शेवटची नोंद अशी आहे:

हप्ता अकरावा, पान एकशे एक्कावन्न. माणसे चार. शिल्लक हवा, दिवस सहा.